तान्ह्या पोळ्याच्या नंदीला कोणता रंग देऊ?

प्रश्न: नातीसाठी सुताराकडून चाकांचा सागवानी नंदी करून घेतला. झुलीवर तिचं नाव काढायचं आहे. पोरगी हाती येईल ते तोंडात घालते. घरातला ऑइलपेंट चालेल का?

उत्तर: ताई, जुना डबा नकोच. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात विषारी शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर चालत नाही. नव्या डब्यावर लिहिलेलं असते, पाहून घ्या.

उत्तर: मी गावातल्या पोट्ट्यांचे नंदी रंगवतो. आधी घासकागद मारा, शिंगांची टोकं गोल करा. पाण्यातल्या रंगाचे पातळ हात द्या. पावसाळी हवा आहे, पहिला पुरता वाळू द्या, नाहीतर चिकट राहते. डोळे शेवटी, आगपेटीच्या काडीनं. लई जीव येतो त्यानं!

प्रश्नकर्ती: शिंगंच चघळते हो ती.

उत्तर: मग शिंगं, कान बिनरंगीच ठेवा. सागवान तसंही शोभते.