परसात पाखरे यावीत, पण त्यांच्यामागून घुशी, साप आणि वानरे येऊ नयेत यासाठी काय करावे?

बालाघाट_परस (अंबाजोगाई)

सर्व सदस्यांना नमस्कार. आमचे घर अंबाजोगाईच्या कडेला, वस्ती संपून शेते सुरू होतात तिथे आहे. मागे दीडेक गुंठ्याचे परस असून त्यात एक जुना कडुनिंब, दोन शेवगे आणि कुंपणालगत बोरीची झुडपे आहेत. सासूबाई रोज सकाळी फरशीवर मूठभर ज्वारी टाकतात आणि त्यावर चिमण्या, होले, साळुंक्या उतरतात. त्यांचा दिवस या पाखरांनीच उजाडतो, त्यामुळे ही रीत मोडावी असे घरात कोणालाही वाटत नाही.

अडचण अशी की, कुंपणाच्या कडेने घुशींची बिळे वाढत चालली आहेत. या पावसाळ्यात शेजारच्या अंगणात घोणस निघाली, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याचा संबंध आमच्या दाण्याशी जोडला, आणि त्यांचे म्हणणे निराधार आहे असे मला म्हणवत नाही. डोंगराकडून वानरांची टोळीही अधूनमधून उतरते. घरात रांगते मूल आहे. दाणा देणे पूर्णपणे थांबवावे का? घुशींसाठी बाजारातील औषध ठेवावे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पूर्णाकाठ (परभणी)

ताई, शेजाऱ्यांची भीती खरी धरूनच उपाय शोधावा, असे माझे मत आहे. साप दाणा खात नाही. तो दाण्यावर येणाऱ्या उंदराच्या मागावर येतो. उंदीर आणि घुशी मुख्यतः अंधार पडल्यावर बाहेर निघतात, तर दाणे टिपणारी पाखरे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंतच खातात. त्यामुळे संध्याकाळनंतर परसात खाण्यासारखे काहीही उरणार नाही, एवढी एक गोष्ट कसोशीने सांभाळली, तर दाणा थांबवण्याची गरज पडू नये.

त्यासाठी फरशीवर दाणा टाकणे सोडून तो थाळीत द्यावा. पाच-सहा फूट उंचीचा गुळगुळीत लोखंडी पाइप रोवून त्यावर काठ असलेली थाळी बसवावी, आणि पावसाचे पाणी साचून दाणा कुजू नये म्हणून थाळीच्या तळाला बारीक छिद्रे पाडावीत. थाळीच्या फूट-दीड फूट खाली पाइपभोवती पालथ्या नरसाळ्यासारखा पत्र्याचा शंकू बसवून घ्यावा, म्हणजे पाइपवरून चढणारा उंदीर, खार किंवा मांजर तिथून पुढे जाऊ शकत नाही. पत्र्याचे काम करणारा कोणताही कारागीर तो करून देईल. पाइप झाडापासून, भिंतीपासून आणि कुंपणापासून आठ-दहा फूट दूर असावा, कारण खार चांगली लांब उडी मारते आणि मग शंकूचा काही उपयोग राहत नाही.

खरी काळजी सांडलेल्या दाण्याची घ्यावी लागते. साळुंक्या आणि होले खाण्यापेक्षा जास्त उधळतात, आणि खाली माती किंवा गवत असेल तर तो दाणा आपल्याला वेचता येत नाही, घुशीला मात्र रात्री अचूक सापडतो. म्हणून थाळीखाली शहाबादी फरशी टाकून ती रोज दिवेलागणीपूर्वी झाडून घ्यावी. दाणा एका वेळी तासाभरात संपेल एवढाच द्यावा. बाजरी, राळा, तांदळाची कणी किंवा भरडलेली ज्वारी चालते. फरसाण, खारे शेंगदाणे, मीठ घातलेला भात देऊ नये, कारण मीठ पाखरांना अपाय करते. शिळी पोळी तर पाखरांपेक्षा उंदरांना आणि भटक्या कुत्र्यांनाच अधिक बोलावते. घरातील दाण्याचा साठा पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. सासूबाईंचा हात पोहोचत नसेल, तर थाळी साडेचार फुटांवर घेतली तरी चालेल, मात्र मग शंकू अधिक रुंद असावा.

सर्पमित्र_गोदाकाठ (नांदेड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. घुशींच्या औषधाविषयी मात्र स्पष्ट लिहितो: रांगते मूल असलेल्या घरात आणि पाखरांच्या परसात ते ठेवू नका. बाजारात मिळणारी बरीचशी विषे रक्त गोठू न देणारी असतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरत राहतो, आणि असा उंदीर गव्हाणी घुबडाला किंवा पिंगळ्याला सहज सापडतो. ते विष घुबडाच्या शरीरात, विशेषतः यकृतात साचते आणि त्याचाही जीव जातो. म्हणजे रात्री उंदीर खाणारा आपला सर्वांत मोठा सोबती आपणच गमावतो. झिंक फॉस्फाइड लावलेले धान्य तर पाखरेच टिपण्याचा धोका असतो. त्याऐवजी पिंजरा लावावा, आणि बिळे खणून त्यांत खडी व दगड ठासून ती बुजवावीत. रात्री उरणारा दाणा बंद न करता नुसती बिळे बुजवली, तर घुशी हातभर अंतरावर दुसरी करतात, हेही ध्यानात असू द्यावे.

साप थांबतो तो आडोशाला. कुंपणालगत विटांचा ढीग, सरपण किंवा कडब्याची गंजी असेल, तर ती घरापासून दूर हलवावी, सरपण जमिनीवर न ठेवता फळीवर रचावे आणि भिंतीलगतचे गवत कापलेले असावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आढळतात. धामण बिनविषारी असून ती उंदीर मोठ्या प्रमाणात खाते. ती दिसली तर मारू नये, पण झाडावर चढून ती घरट्यातील पिल्लेही खाऊ शकते, म्हणून कृत्रिम घरटे लावायचे असल्यास ते भिंतीच्या उघड्या, गुळगुळीत भागावर लावावे. कोणाला दंश झालाच, तर आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे यांत वेळ न घालवता 108 क्रमांकावर संपर्क करावा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे. आपल्या गावात तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेच रुग्णालय आहे.

कढीपत्ता (लातूर)

मी थोडे वेगळे मत मांडते. दाण्यावर येणाऱ्या पाखरांचे प्रकार मोजकेच असतात, आणि दाणा जितका वाढवावा तितके पारवे वाढून लहान पाखरे मागे हटतात. शिंजीर, शिंपी, दयाळ, कोतवाल, तांबट, वेडा राघू यांपैकी कोणीही ज्वारीच्या थाळीकडे वळणार नाही. त्यांना फुलांतील मध, किडे आणि फळे हवी असतात. चिमणीसुद्धा, जी आपण दाणे खाणारी समजतो, आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. म्हणून परसात कीटकनाशक न फवारणे हे मला दाण्याच्या थाळीपेक्षा मोठे काम वाटते.

कुंपणाची बोरीची झुडपे कृपया काढू नका. त्या काट्यांत मांजर शिरत नाही, आणि बुलबुल, मुनिया यांना तिथे निर्धास्त बसता येते. मोकळ्या जागेत अडुळसा, जास्वंद आणि कढीपत्ता लावावा. कढीपत्त्याची काळी फळे कोकीळ आणि बुलबुल आवडीने खातात. जागा असेल तर हादगाही चालेल. पेरू, पपई यांची झाडे मात्र नव्याने लावू नयेत, कारण वानरांची टोळी त्याच वासाने परसात उतरते. शेवग्याचा कोवळा पाला वानरांना आवडतोच. तो थोडा गेला तर जाऊ द्यावा, पण पोळी, केळी किंवा शेंगदाणे हाताने कधीही देऊ नयेत. एकदा माणसाच्या हातून खाऊ मिळाला की टोळी ते घर विसरत नाही, आणि पुढे खाऊ मिळाला नाही तर अंगावर येते. टोळी दिसताच थाळी आत घ्यावी, मुलाला घरात घ्यावे आणि दार लावून घ्यावे. दगड किंवा फटाके यांची गरज नाही. वानरांना कायद्याचे संरक्षणही आहे.

बालाघाट_परस (अंबाजोगाई)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना उत्तरे वाचून दाखवली. थाळीची कल्पना त्यांना मान्य आहे, पण चिमणीने अंगणात उतरून खावे असे त्यांना अजूनही वाटते. आणखी एक शंका आहे. उन्हाळ्यात पाण्याचे परळ ठेवले, तर डेंग्यूचे डास होतील, असे शेजारी म्हणतात. पाण्यानेही साप येतात का?

कोरडा_दिवस (जालना)

मी आरोग्य विभागात काम करत असल्याने हा प्रश्न मला अनेक घरांत ऐकायला मिळतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, नाले कोरडे पडतात, आणि अशा वेळी पाखरांना दाण्यापेक्षा पाण्याची निकड अधिक असते. म्हणून परळ ठेवावेच, पण ते नीट ठेवावे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत उष्ण हवेत साधारणतः सात ते दहा दिवस घेतो. पाणी रोज बदलले तर हे चक्र पूर्ण होऊ शकत नाही. मात्र या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून नवे भरणे पुरेसे नसते. परळाची आतली कड आठवड्यातून एकदा तरी काथ्याने खसखसून घासावी आणि परळ उन्हात पालथे घालून पूर्ण वाळवावे. दोन परळे ठेवली तर एक वाळत असताना दुसरे वापरता येते.

परळ उथळ असावे; पाणी इंच-दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि मधोमध एखादा खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला पाय टेकता येतात. ते झुडपांपासून सात-आठ फूट अंतरावर उंच कट्ट्यावर ठेवावे. फार जवळ असेल तर मांजर दबा धरते, फार दूर असेल तर घाबरलेल्या पाखराला आडोसा सापडत नाही. उन्हाळ्यात साप पाण्याच्या ओलाव्याला येऊ शकतो, त्यामुळे रात्री परळ रिकामे करून ठेवणे आणि गळक्या नळाखालची ओल बंद करणे योग्य. पाखरांनी जमिनीवर उतरावे ही सासूबाईंची इच्छाही पूर्ण करता येईल: त्या समोर बसलेल्या असतानाच फरशीवर चिमूटभर कणी टाकावी आणि उठताना ती झाडून घ्यावी.

थाळी आणि परळ यांच्या स्वच्छतेबाबत आणखी एक सांगणे आवश्यक आहे. 2021च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, हे अनेकांना आठवत असेल. एकाच थाळीवर अनेक पाखरे विष्ठा करतात, तेव्हा त्यांचे इतर आजारही पसरतात. म्हणून आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणाने थाळी धुवून, भरपूर पाण्याने खंगाळून वाळवावी, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. एकाच वेळी अनेक पाखरे मेलेली आढळली, तर त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि कारण समजेपर्यंत थाळी बंद ठेवावी.