किरण मोरे म्हणजे फक्त मियाँदादची उडी का?

फोंडेंकार: नमस्कार मंडळी. भाचा बारा वर्षांचा आहे, पर्वरीला नेट्सला जातो, कीपिंग खरंच बरी करतो, पण कोच सारखे म्हणतात बॅटिंग वाढव, नुसत्या कीपिंगवर आता कोण घेत नाही. घरी हा विषय निघाला की बाबा भारताचे जुने विकेटकीपर किरण मोरे यांचं नाव काढतात. मी मोरेंना खेळताना बघितलेलं नाही. यूट्यूबवर शोधलं तर जिकडेतिकडे ९२ च्या वर्ल्ड कपातली पाकिस्तानच्या जावेद मियाँदादची उडी! ४९ टेस्ट, ॲव्हरेज २५ च्या आसपास, सेंच्युरी एकही नाही, मग १९८६ ते ९३ माणूस टिकला कसा?

डिचोलीचो काका: बाबांचं बरोबर आहे रे. उडीचं आधी संपवतो. सिडनीला सचिन बोलिंग टाकत होता, मोरे मागून सारखे अपील करत होते, मियाँदाद वैतागला आणि नक्कल करून उड्या मारल्या. मॅच आपण ४३ रनांनी जिंकली, विषय संपला.

आता खरं बघायचं तर चेन्नईचं चेपॉक ग्राउंड, जानेवारी १९८८. लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणीची पहिलीच टेस्ट, १३६ रन देऊन १६ विकेट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या मॅचमध्ये मोरेंची ६ स्टंपिंग (बॅट्समन क्रीजबाहेर गेला की कीपरने बेल उडवायची) आहेत, त्यातली ५ वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या इनिंगमध्ये, आणि ते कोणी सांगत नाही. पीच कोरडी ठणठणीत, लेगस्पिनर हवेत उंच सोडतोय, बॅट्समन पुढे धावत येऊन आडवा फिरवतोय, अशा वेळी कीपरला बॉल शेवटच्या क्षणी दिसतच नाही, मध्ये बॅट, पॅड आणि अख्खा माणूस असतो. गुगली की लेगब्रेक, म्हणजे बॉल आत वळणार की बाहेर, ते बोलरच्या हातातूनच ओळखावं लागतं, आणि बॉल टप्पा पडून वर येईपर्यंत बूड खाली ठेवावं लागतं. आधी उठला की गेला पायांमधून चार बाय. हे करणारा माणूस बोलरला विकेट कमावून देतो, ते त्याच्या ॲव्हरेजमध्ये कुठे दिसणार? आणि फक्त आपल्याच पीचवर नाही हां, पहिली टेस्ट लॉर्ड्सला, ८६ ची ती इंग्लंडमधली सिरीज, बॅटला चुकवून गेल्यावरही बॉल हलतो तिथे, तीन टेस्टमध्ये १६ कॅच.

म्हापसा_ऑफस्पिन: काका, लॉर्ड्सचं नाव घेतलंत तर १९९० पण सांगा की 😄 इंग्लंडचा गूच ३६ वर असताना मोरेंकडून कॅच सुटला, पुढे ३३३ केले त्याने. आणि आजच्या टीममध्ये २५ ॲव्हरेजवाला कीपर किती दिवस राहील? कोच काही चुकीचं सांगत नाहीयेत.

काणकोण१०: सुटला तो कॅच, मान्य. पण त्याच काळात दुसरे कीपर चंदू पंडित होते ना, बॅटिंग मोरेंपेक्षा सरस. ८६ ला लीड्सला पहिली टेस्ट मिळाली ती नुसता बॅट्समन म्हणून, ग्लोव्ज मोरेंकडेच. ८७ च्या वर्ल्ड कपाची सेमीफायनलही खेळले, वेंगसरकर आजारी पडले म्हणून. एकूण टेस्ट पाचच. म्हणजे तेव्हा सिलेक्टर आधी हात बघायचे. पुढे पंडितांनी कोच म्हणून विदर्भ आणि मध्य प्रदेशला रणजी जिंकून दिली ती गोष्ट वेगळी.

गंमत पुढे आहे. नंतर मोरे स्वतः सिलेक्शन कमिटीचे चेअरमन झाले. वनडेत तेव्हा मुळात बॅट्समन असलेल्या द्रविडला ग्लोव्ज घालायला लावले होते, २००३ चा वर्ल्ड कप तसाच खेळलो आपण. मोरेंना मारणारा कीपर पाहिजे होता. २००४ च्या डिसेंबरात धोनी आला, चितगावला पहिल्याच मॅचला शून्यावर रनआउट, तरी ठेवला, आणि चार महिन्यांत विशाखापट्टणमला पाकिस्तानला १४८ ठोकले. निव्वळ हातांवर टिकलेल्या माणसाच्याच कमिटीने असा कीपर आणला, आता फोंडेंकारने काय ते समजून घ्यावं.

फोंडेंकार: समजलं 🙏 बॅटिंगला वेळ द्यायला लावतोच. पण पावसाचे चार महिने ग्राउंड बंद, तेव्हा कीपिंगचं काय करायचं?

डिचोलीचो काका: भिंत आहे ना घरात? टेनिस बॉल घे, भिंतीपासून दोन-तीन मीटरवर बसव, तू मागे उभा राहून त्याच्या डोक्यावरून भिंतीवर मार, त्याने एका हाताने पकडायचा, आधी उजवा मग डावा. ग्लोव्ज नको, आतले इनर पुरेत. आणि बॉलच्या आधी उठला तर ओरड त्याच्यावर. एवढं रोज होऊ दे, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात ग्राउंड सुटलं की लेगस्पिनर शोधून दे त्याला.