शब्दचर्चा : ‘अपात्र’, ‘अयोग्य’, ‘नालायक’ आणि कृपा

विचारणा

सर्वांना सलाम. एका शब्दापाशी अडले आहे. शब्द घरातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरतं, त्याच्यामागून द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचा ट्रे येतो. हात जरा हलला की पेले किणकिणतात. माझी आई ताट हातात घेते, पदर सावरते आणि काही न उचलता शेजारणीकडे सरकवते. ट्रेचंही तसंच. याला अकरा वर्षं झाली. शेताच्या बांधावरून तिचा आणि मावशीचा अबोला होता, आणि त्या अबोल्यातच मावशी गेली. तेव्हापासून हे सुरू आहे. विचारलं की एकच उत्तर : “मी अपात्र हाय. अपात्रानं खाल्लं तर दोषी ठरतं. लिवलंय तसं.”

अपात्र, अयोग्य, लायक नाही, नालायक हे सगळे एकाच अर्थाचे आहेत का? शास्त्रात त्या जागी नेमका कोणता शब्द आहे? “तू पात्र आहेस” असं मी तिला म्हणू शकत नाही. तिला ते खोटं वाटेल, आणि आपला विश्वासही तसं शिकवत नाही. मग म्हणायचं काय?

पुण्याहून

ताई, सलाम. आधी शब्द वेगवेगळे करू, कारण ते एकमेकांत मिसळले की मन विनाकारण जड होतं.

‘लायक’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘लायक नाही’ म्हटलं की लगेच ‘कशाला?’ असा प्रश्न येतो. मी या मानाला लायक नाही, या जागेला लायक नाही. ‘नालायक’ला तो प्रश्न उरत नाही. तो सगळ्या माणसावरच मारलेला शिक्का आहे, शिवी आहे. प्रार्थनेत ‘मी लायक नाही’ म्हणणं हा नम्रपणा झाला. ‘मी नालायक आहे’ हे स्वतःला मारणं झालं. आपली कितीतरी माणसं पहिलं म्हणायला गुडघे टेकतात आणि दुसरं म्हणून उठतात.

‘योग्य’ हा ‘युज्’ धातूवरून, म्हणजे जोडणं, जुळणं. म्हणून ‘अयोग्य’ माणसाबद्दल कमी आणि वागण्याबद्दल जास्त वापरला जातो : अयोग्य वेळ, अयोग्य पद्धत. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता ‘पात्र’. ‘पा’ म्हणजे पिणं. ज्यातून प्यायचं ते पात्र, म्हणजे साधं भांडं. नदी ज्यातून वाहते तेही पात्र. ज्याच्यात काही मावतं ते पात्र, म्हणून ज्याला द्यावं असा माणूसही पात्र झाला. पुढे हा शब्द कचेरीत गेला. पात्र लाभार्थी, अपात्र लाभार्थी, शिक्षक पात्रता परीक्षा, आमदार अपात्र. आज ‘अपात्र’ ऐकलं की डोळ्यांपुढे नोटीस बोर्डावरची यादी येते आणि त्यात आपलं नाव नसतं. तुमच्या आईंच्या कानात हाच ‘अपात्र’ असावा असं मला वाटतं. निकष होते, त्या बसल्या नाहीत, नाव कापलं गेलं.

आपल्या संस्कारातही ते खोल आहे. दान सत्पात्री करावं हे आपण लहानपणापासून ऐकतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक आणि अपात्राला दिलेलं तामस असं सांगितलं आहे. मराठी माणूस हा विचार घेऊनच वाढतो, ख्रिस्ती घरातला असला तरी. आणि सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, नेमकी इथेच आपल्याला थांबवते. ‘आपण पापी असतानाच’ ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं प्रेषित पौल रोमच्या मंडळीला पत्रात लिहितो. सुधारल्यावर नाही, लायक ठरल्यावरही नाही. कृपा म्हणजे अपात्री दानच. देणाऱ्याने जाणूनबुजून, पुरतं ओळखून, आपला जीव ओतून केलेलं. म्हणून आईंना ‘तू पात्र आहेस’ म्हणू नका. तुम्हाला ते म्हणवत नाही हे बरोबरच आहे.

पण बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ उघडा. विश्वासणाऱ्यांना बांधून आणायची पत्रं घेऊन शौल दमास्कसला निघाला होता. आता तो आंधळा होऊन तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडला आहे, आणि प्रभू हनन्या नावाच्या शिष्याला सांगतो की हा ‘माझे निवडलेले पात्र आहे’. ग्रीकमध्ये तिथे ‘स्केवॉस’ आहे, म्हणजे भांडं, घरातली साधी वस्तू. त्या घटकेला शौलाच्या नावावर एकही निकष जमेस नाही, तरी मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘पात्र’ लिहिलं. मला ती जागा फार प्रिय आहे. आपल्या भाषेत ‘लायक’ आणि ‘भांडं’ दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून ती मराठीत जितकी उघडते तितकी फार थोड्या भाषांत उघडत असेल. हाच शौल पुढे पौल म्हणून करिंथकरांस लिहितो की ही संपत्ती आमच्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे.

वसईहून

आमच्या कॅथलिक उपासनेत, मिस्सात, ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) स्वीकारण्याच्या अगदी आधी सगळे मिळून कफर्णहूमच्या शताधिपतीचे, म्हणजे आजारी चाकरासाठी येशूकडे मागणं करणाऱ्या रोमी अधिकाऱ्याचे शब्द म्हणतात : तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, पण तू शब्द मात्र बोल. मत्तयाच्या शुभवर्तमानात पुढे ‘माझा चाकर बरा होईल’ असं आहे, आम्ही ‘माझा आत्मा’ म्हणतो. फादरही म्हणतात, लहान पोरंही म्हणतात. लॅटिनच्या काळात माझी आजी ‘दोमिने, नोन सुम दिग्नुस’ म्हणत छातीवर हात आपटायची. अर्थ तिला शब्दशः येत नव्हता, पण हात कळून पडायचा.

एवढंच सांगायचं आहे की ‘माझी योग्यता नाही’ म्हटल्यावर कुणी घरी जात नाही. ते म्हणतात आणि रांगेत पुढे सरकतात.

पुण्याहून

वसईकरांनी फार नेमकी जागा दाखवली. लूकच्या शुभवर्तमानातली हीच गोष्ट पाहा. यहुद्यांचे वडील येशूला सांगतात की हा माणूस योग्य आहे, त्याने आमचं सभास्थान बांधून दिलं. ग्रीक शब्द ‘आक्सिऑस’, म्हणजे तराजूत तोलून वजन भरेल असा. लोकांनी त्याला तोललं आणि तो भरला. तो स्वतः मात्र ‘हिकानॉस’ नाही म्हणतो, म्हणजे ‘मी पुरा पडत नाही’. आणि येशू निघाला होता, तो त्याच्या वजनामुळे माघारी फिरला नाही आणि त्याच्या नकारामुळेही नाही. चाकर बरा झाला.

नाशिकहून

मी बँकेत काम करतो. दिवसभर सोनेतारणाच्या फाइली. आठवड्याचे सहा दिवस ‘तारण काय ठेवणार?’ असं मीच लोकांना विचारतो. रविवारी उपासनेत ‘तारण’ (पापातून सुटका) हा शब्द आला की अजूनही क्षणभर अंगावर येतो. बँकेत तारण मागणाऱ्याने ठेवायचं असतं. इथे ज्याच्याकडे मागायचं, त्यानेच स्वतःला ठेवलं आहे.

सोलापूरहून

सगळं मान्य. पण कृपा इतकीही सैल करू नका. ‘दोषी ठरेल’ हे शब्द करिंथकरांस पौलाच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहेत, ते आईंनी मनाने घातलेले नाहीत. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असंही प्रभू म्हणाला आहे. आईंच्या मनाला जे लागलं आहे ते खोटं नाही. तो पश्चात्ताप आहे, त्याचा मान ठेवा.

पुण्याहून

दादा, मान ठेवलाच पाहिजे, आणि म्हणूनच ते वचन नीट वाचायला हवं. या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे.

त्या वचनात ‘अपात्र’ शब्दच नाही. मराठीत ‘जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल’ असं आहे. ग्रीक ‘आनाक्सिओस’ तिथे क्रियाविशेषण आहे, विशेषण नाही. ते खाणाऱ्याचं वर्णन करत नाही, खाण्याच्या रीतीचं करतं. ‘अयोग्य माणसाने खाऊ नये’ असं म्हणायचं असतं तर वाक्य वेगळं झालं असतं, आणि मग त्या मेजाशी बसायला एकही माणूस उरला नसता.

आणि ती अयोग्य रीत कोणती, हे पौल सहा-सात ओळी आधीच सांगतो. करिंथच्या मंडळीत जेवण एकत्र व्हायचं, पण ज्यांच्याकडे होतं ते आधी खाऊन घ्यायचे. एक उपाशी आणि एक पिऊन मस्त. ‘ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय?’ असं तो विचारतो. अध्यायाच्या शेवटी सांगणं काय? एकमेकांसाठी थांबा. म्हणजे हे वचन ज्यांच्यावर धरलं होतं ते पोटभर खाऊन बेफिकीर बसलेले लोक. आपल्याकडे मात्र ते ऐकून नेमका पदर सावरून बसलेला, आधीच खाली गेलेला माणूस हात मागे घेतो. ज्याला लाजवू नका म्हणून ते लिहिलं, तोच ते ऐकून लाजतो. मला हे फार लागतं.

आत्मपरीक्षणाचं वचनही पूर्ण वाचा : माणसाने स्वतःची परीक्षा करावी ‘आणि मग’ खावं. तिथे ‘मग खाऊ नये’ असं नाही. आईंनी अकरा वर्षं पहिलाच भाग केला आहे.

समेटाचं म्हणाल, तर बहीण आता इथे नाही. तिची मुलं असतील तर त्यांच्याकडे जाता येईल, बांधाचा वाद अजून असेल तर मिटवता येईल. ते जरूर करावं. पण ते आभार म्हणून, प्रवेश फी म्हणून नव्हे.

साताऱ्याहून

एक भर. ‘पतितपावन’ हा शब्द आपल्याला वारकऱ्यांनी दिला, आणि नामदेवांनी तर त्या नावाच्या जोरावर देवाच्या दारात जाऊन भांडण मांडलं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही भाषा टाकून दिली नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच ते सांगत. पतिताला पावन करणारा तो पतितपावन. यात पतिताने आधी काय करायचं ते कुठेच नाही. आईंच्या कानाला ‘कृपा’पेक्षा हा शब्द कदाचित ओळखीचा वाटेल. पंडिता रमाबाईंनीही हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बाईला कळावं म्हणूनच. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं.

विचारणा (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आई मेथी निवडत होती. तिच्याजवळ बसून तो अध्याय सतराव्या वचनापासून वाचला. आजवर ती नेहमी तेविसाव्यापासूनच ऐकत आली होती, कारण उपासनेत तिथूनच वाचतात. ‘एक भुकेला राहतो’ इथे तिचा हात थांबला. “हे बी त्यातच हाय?” म्हणाली.

मग क्रियाविशेषणाचं सांगितलं. तिला तो शब्द कुठून माहीत असणार? म्हटलं, तू आम्हाला लहानपणी ‘नीट जेव’ म्हणायचीस, तेव्हा नीट कोण, पोर की जेवणं? ती म्हणाली, “जेवनं.” मग बराच वेळ काही बोलली नाही. मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला होत राहिली.

शौलाची गोष्ट तिला पाठ आहे, पण ‘पात्र’ म्हणजे भांडं हे सांगितल्यावर ती उठली आणि मांडणीवरची मावशीची पितळी वाटी काढून आणली. मावशी गेल्यावर तिच्या सुनेने दिलेली. आतून काळी पडली आहे. आईने ती आजवर वापरली नव्हती, घासलीही नव्हती. चिंच लावून घासायला बसली.

पहिल्या रविवारचं मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “त्या दिवशी तू माझ्या शेजारी बस. ताट तुझ्या हातातनं येऊ दे.”