गॉथिया कप: ढोल वाजवूच, पण रात्रीच्या ड्यूटीला कोण?

मंडळी नमस्कार,
जुलै तोंडावर आलाय, आपल्या गोथेनबर्गला (स्वीडन) होणाऱ्या पोरांच्या फुटबॉल स्पर्धेचं, म्हणजे गॉथिया कपचं, ठरवून टाकू. 2025 ला पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी 14 खालच्या गटात कप मारला तेव्हापासून भारतातली टीम येणार म्हटलं की सगळ्यांना उत्साह येतो. माझं म्हणणं, उद्घाटनाला उल्लेवी स्टेडियमवर फेटे बांधून जाऊ, हेडनच्या मैदानावर लेझीम-ढोल करू आणि एका संध्याकाळी टीमला जेवण देऊ. नावं कळवा.
– सेक्रेटरी

---

दादा, ढोलाला मी आहेच, पण मागच्या खेपेला मी एका टीमसोबत लोकल मदतीला होते म्हणून मनापासून सांगते, पोरांना आपली गरज उल्लेवीवर नसते, शाळेत असते.

1975 पासून चाललेली स्पर्धा आहे, दीड हजाराच्या वर टीम येतात, एवढ्यांना हॉटेलं कुठली पुरणार, म्हणून सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळांमधे उतरवतात. वर्गातले बेंच बाजूला सारायचे आणि खाली गाद्या टाकायच्या. शाळेत आयोजकांची माणसं असतात, ती चांगलीच असतात, पण रात्री अकराला पोटात दुखणाऱ्या पोराला मराठीत विचारणारं कोणी नसतं. पहिल्या रात्री कोणी झोपेचना. दहा वाजले तरी बाहेर उजेड, पहाटे साडेचारला परत लख्ख. टीममधे दोन कोल्हापूरची पोरं होती, त्यातलं एक मला म्हणालं, काकू इथं सूर्य मावळतच नाही का ओ. मग कोचनी आणि मी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापून टेपनी खिडक्यांना चिकटवल्या, तेव्हा कुठे वर्ग शांत झाला. हे आधी केलं असतं तर पहिल्या मॅचला पोरं पेंगत उतरली नसती, त्याची हळहळ मला अजून आहे.

दुसरं म्हणजे पाणी. मॅनेजर रोज दुकानातून बाटल्या आणत होते, केवढे पैसे गेले, कारण बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायचं कसं असं सगळ्यांना वाटायचं. मी त्यांच्यासमोर नळाखाली ग्लास धरून प्याले तेव्हा पटलं.

आणि ट्राम! ब्रुन्सपार्केन स्टॉपला दार बंद झालं, अर्धी टीम आत आणि दोन पोरं खाली, एकाच्या खांद्यावर बॉलची पिशवी, तोंड रडवेलं. त्यानंतर नियम केला, खाली राहिलं तर जागचं हलायचं नाही, चढलेल्यांपैकी एका मोठ्यानी पुढच्या स्टॉपला उतरून परत यायचं, आणि शेवटचा मोठा माणूस सगळ्यात शेवटी चढणार. प्रत्येक पोराच्या खिशात शाळेचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. एवढं आपण छापून देऊ शकतो.

– काकू (शाळेची ड्यूटी केलेली)

---

काकूंचं शंभर टक्के बरोबर. मी वेळापत्रकाचं बघतो, पण एक लक्षात घ्या, गटात चार टीम असतात, पहिल्या दोन ए प्लेऑफला (बाद फेरीला), खालच्या दोन बी ला, म्हणजे हरलं तरी पुढची मॅच आहेच (मला या स्पर्धेतलं हेच सगळ्यात आवडतं, इतक्या लांबून येऊन तीन मॅचवर कोणी परत जात नाही) पण ती कुठल्या मैदानावर आणि किती वाजता हे गट संपल्याशिवाय कळत नाही. मैदानं शहरभर पसरलेली, कधी हेडनजवळ तर कधी नदीपलीकडे हिसिंगेनला. त्यामुळे जेवण गटाच्या दिवसांतच उरकू, नंतर ठेवलं तर भात गार होणार आणि पोरं मैदानावर असणार. शाळेच्या किचनला हात लावायला मिळणार नाही असंच धरून चालू, घरून डबे. वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. तिखट नको, पनीर नको, दुसऱ्या दिवशी पळायचंय त्यांना. ॲलर्जीची यादी मॅनेजरकडून आधीच मागवा, शेंगदाण्याचं कूट हात सैल सोडून घालू नका प्लीज.

आणि दुखापत झाली तर घाबरून सगळ्यांनी एकदम फोन करत बसायचं नाही. गंभीर असेल तर 112, नुसता सल्ला हवा असेल तर 1177, स्वीडिश येणाऱ्या एकानीच बोलायचं.

---

काकू, वाचून खरंच वाटलं की आपण उलट्या बाजूनी सुरुवात केली होती. ढोल राहू दे, पण आधी ड्यूटी भरू. सोमवार ते शुक्रवार, रोज दोघं, संध्याकाळी सात ते अकरा. काळ्या पिशव्या आणि टेप मंडळाच्या पैशातून, चिठ्ठ्या मी छापतो. डब्यांसाठी अजून चार घरं हवीत.
मंगळवारी मी येतो. माझ्याबरोबर कोण?
– सेक्रेटरी

---

मंगळवार मी. भात पण माझ्याकडे, मोठा कुकर आहे.