फुलांचा वास उतरलेलं लिंबूसरबत घरी कसं जमतं? तुमचे अनुभव सांगा

अंगणवेल
मागच्या आठवड्यात घरी भिशी होती. बाटलीतलं रंगीत सिरप नको होतं, म्हणून कुंडीतला मोगरा आणि घरातली मोसंबी यांचंच सरबत करायचं ठरवलं. पहिल्या खेपेला फुलं पाण्यात उकळली. वास वाफेबरोबर उडून गेला आणि हाती राहिलं पाल्यासारखं लागणारं कडसर पाणी. ते तुळशीलाही घालवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपोऱ्या, अजून मिटलेल्या कळ्या खुडल्या. काचेच्या भांड्यात माठातलं पाऊण लिटर पाणी घेतलं, त्यावर पंचवीसेक कळ्या तरंगत ठेवल्या आणि वर ताटली झाकली. रात्री दहाला ताटली उचलली तर कळ्या पाण्यावरच उमललेल्या, आणि सगळं स्वयंपाकघर घमघमलेलं. सकाळी उठल्या उठल्या फुलं काढली. जास्त वेळ राहिली की पाकळ्या तांबूस पडतात आणि पाण्याला शिळा वास येतो. त्या पाण्यात दोन मोसंब्या, एक कागदी लिंबू, चार चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. बर्फ ज्याच्या त्याच्या ग्लासात. सरबताच्या भांड्यात टाकला तर शेवटच्या ग्लासापर्यंत नुसतं पाणी उरतं.

तुम्ही कोणती फुलं घेता? आंबटपणासाठी काय वापरता? बिघडलेलंही मोकळेपणाने लिहा.

जालनेकर
मोसंबीचं नाव निघालं म्हणून लिहितो, आमची बागच आहे. मोसंबीचा रस अगदी शेवटी काढा आणि लगेच प्या. काढून ठेवला की थोड्या वेळात कडू होतो. ताजा असताना तो कडूपणा जिभेला कळतच नाही. मिक्सरमध्ये बी आणि पांढरी साल भरडली जाते, मग तर विचारूच नका. हाताने दाबायचं लाकडी यंत्र सगळ्यांत चांगलं.

मोसंबीची आंबे बहाराची (आंबा मोहरतो त्या वेळची) फुलं आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत येतात. विहिरीजवळच्या एका झाडावर आम्ही कधीच फवारणी करत नाही. आई पहाटे त्याच्याखाली जुनं लुगडं अंथरायची, फांदी हलकेच हलवायची. टप टप पडलेली जाडसर पांढरी फुलं निवडून बरणीत साखरेचा एक थर, फुलांचा एक थर असं भरायची. दोन दिवसांनी साखर ओलसर व्हायची आणि बरणी उघडली की अख्खी बाग समोर उभी राहायची. फुलं चाळून ती साखर लिंबूपाण्यात. पाहुणा आला की दोनच चमचे, त्याहून जास्त कोणाला मिळायची नाही. आई गेल्यावर दोन वर्षं कोणी लुगडं अंथरलं नाही. यंदा मी अंथरलं.

वाळवंटातली
जालनेकर, तुमचं वाचून भरून आलं. इथे दुबईत तोच वास बाटलीत मिळतो. कडू नारिंगाच्या फुलांचा अर्क, अरबीत ‘मा झहर’. झहर म्हणजे फूल, पण मराठी कानाला ते ‘जहर’च ऐकू येतं, त्यामुळे सासूबाई पहिल्यांदा दचकल्या होत्या! शेजारच्या लेबनानी काकू लिंबूसरबतात हे घालतात, वरून पुदिना. मी पहिल्या वेळी भांडंभर सरबतात दोन मोठे चमचे ओतले आणि अत्तर प्यायल्यासारखं झालं. लिटरभर पाणी, चार लिंबं, साखर आणि अर्क फक्त एक लहान चमचा, हे माप आता पक्कं आहे.

सह्याद्रीची_लेक
मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे. तिला वास जवळजवळ नाहीच, त्यामुळे गरम पाण्याची भीती नाही. दहा-बारा फुलांचे हिरवे देठ काढून त्यावर कढत पाणी ओतायचं, पाच मिनिटांत गडद निळं होतं. गार झाल्यावर मुलांच्या हातात लिंबाची फोड द्यायची. थेंब पडला की निळ्याचं जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकतं. पाकळीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं, म्हणून हे घडतं. वासासाठी मी त्या गरम पाण्यातच गवती चहाची दोन पाती घालते. पाण्याला पाहून ‘बाई, जादू!’ असं ओरडणारा मुलगा पुढे तीन दिवस घरच्या प्रत्येक गोष्टीवर लिंबू पिळून बघत होता. त्याच्या आईने येऊन सांगितलं. मला फार आनंद झाला.

संत्रानगरी
नागपुरी संत्र्याचा रस, अर्धं लिंबू, चमचाभर गुलकंद, घुसळून गाळायचं. ताजा गावठी गुलाब मिळत नसेल तर याहून सोपं काही नाही. साखर मात्र घालू नका.

थेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये मेअखेर ते जून एल्डरफ्लॉवर फुलतं. कोथिंबीर फुलावर आल्यासारखे दिसणारे, पण तळहाताएवढे पसरट पांढरे गुच्छ. मी आपल्या सवयीने ते नळाखाली खळखळून धुतले. सगळा पराग वाहून गेला, आणि वास तर त्यातच असतो. आता फक्त झटकून किडे काढते. जाड देठ मात्र कापून टाकायचेच, देठ-पानं पोटाला बाधतात. साखरेच्या पाण्यात लिंबाच्या चकत्यांबरोबर दिवसभर ठेवून गाळलं की झालं. पिताना आमच्याकडे वर सोडा घालतात.

अंगणवेल
बाधण्यावरून आठवलं, कळकळीने सांगते. कण्हेर, बिट्टी, धोतरा विषारी आहेत, सजावटीलाही ग्लासावर ठेवू नका. आणि गुच्छातले गुलाब नकोच. एकदा एका दुकानातून आणलेल्या पाकळ्या भिजवल्या, तर पाण्याला औषधाचा उग्र दर्प आला. देवाच्या हारातली फुलंही पोटात नकोत. आपल्या कुंडीतलं किंवा खात्रीच्या अंगणातलंच फूल घ्या.

गॅलरीतली_बाग
हे पाणी टिकतं किती?

अंगणवेल
फ्रीजमध्ये झाकून एक दिवस. लिंबू पिळलं की मात्र लगेच संपवा.

गॅलरीतली_बाग
काल केलं! ठाण्यातल्या गॅलरीत एकच झाड, नऊच कळ्या मिळाल्या. म्हणून पाणीही एकच पेला घेतलं. सकाळी त्यात लिंबू आणि साखर घालून आजेसासूबाईंना दिलं. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. पेला ओठांना लावायच्या आधीच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, मोगरा फुलला का आपला?’’