डेक्सनंतर रेट पडला की लगेच अ‍ॅट्रोपिन?

टाकेवाला:
माझं मत, नाही. डेक्समेडेटोमिडीन (डेक्स, गुंगी आणणारं आणि वेदना कमी करणारं औषध) दिलेल्या कुत्र्याचा रेट, म्हणजे हृदयाचे मिनिटाचे ठोके, १०० वरून ५० वर आला की टेबलाभोवती धावपळ सुरू होते आणि कोणीतरी अ‍ॅट्रोपिन (ठोके वाढवणारं औषध) भरायला घेतं. अहो, आधी बीपी तर बघा! या औषधाने रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, म्हणून हृदय आपसूक मंदावतं. त्याला अ‍ॅट्रोपिनने पळवलंत की दाब आणखी चढतो, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो, ईसीजीवर भलतेच ठोके दिसायला लागतात.

निशाचर:
सुरुवातीच्या काही मिनिटांपुरतं मान्य. पुढे काय? वाहिन्यांचं आवळणं ओसरतं, रेट खालीच राहतो, वरून आयसोफ्लुरेन (भुलीचा वायू) वाहिन्या सैल करतंय. सरासरी दाब ५२, रेट ४४. आता हाताची घडी घालून बसू?

टाकेवाला:
५२ आहे म्हणजे तुम्ही मोजलंत! माझं भांडण न मोजता टोचणाऱ्यांशी आहे. ६० च्या खाली गेला तर पहिला हात भुलीचा वायू कमी करायला व्हेपोरायझरकडे जायला हवा. तेवढ्यानेही बऱ्याचदा भागतं.

खोडसाळ:
मोजलं म्हणता, पण कशाने? रेट मंद, पाय गार, वाहिन्या आवळलेल्या. अशा वेळी ऑसिलोमेट्रिक मशीन (कफ फुगवून आपोआप दाब मोजणारं) वाटेल तो आकडा दाखवतं. त्यात कफ हाताला येईल तो. रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. अरुंद कफ दाब जास्त दाखवतो, रुंद कमी. मांजरात तर मी डॉपलरच (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकून दाब मोजायचं यंत्र) लावतो.

निशाचर:
बरोबर. पण टाकेवाले, व्हेपोरायझर कमी करूनही दाब उठला नाही तर? अ‍ॅटिपामेझोल (डेक्सचा उतारा) दिलं तर पोट उघडं असताना वेदनाशमनही जाईल. रेट आणि दाब दोन्ही खाली असतील तर मी अ‍ॅट्रोपिन देणारच, ०.०२ मिग्रॅ प्रति किलोपासून.

टाकेवाला:
दोन्ही खाली असतील तर द्या, तिथे माझी हरकत नाही. दाब चांगला असताना नको, एवढंच म्हणतोय. आणि हो, दिल्यावर क्षणभर रेट आणखी पडू शकतो, एव्ही ब्लॉकही (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खाली पोचताना अडखळणं) दिसतो. घाबरून लगेच दुसरा डोस भरू नका.

खोडसाळ:
थर्मामीटर कोणी लावलाय का? शरीराचं तापमान ३३ अंशांपर्यंत उतरलं असेल तर अ‍ॅट्रोपिनला दाद मिळेलच असं नाही. आधी ऊब द्या.