पंप उतरवण्याआधी हवा तपासा

रात्रभर उभा राहिलेला जुना ट्रक सकाळी नुसता सेल्फ फिरवतो, दुपारी मात्र लगेच चालू होतो, आणि अशा वेळी बरेच जण डिझेल पंप (इंजिनाला मोजून डिझेल देणारा) कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून घ्यायला, पाठवा म्हणतात. कृपया एवढ्यात पंप उतरवू नका. पंप झिजला असता तर साधारणपणे गरम इंजिनालाच जास्त त्रास झाला असता. थंड गाडी लांब उभी राहून अडते, तेव्हा पहिला संशय नळीत हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरण्यावर घ्यावा.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय. धूरच नसेल तर स्टॉप केबल (इंजिन बंद करायची) पूर्ण मागे आली आहे ना ते बघा, मग डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारा. फेस, बुडबुडे आले तर हवा शिरते आहे. इथेच बरेच जण फसतात: टाकी ते फीड पंप ही ओढणारी बाजू असल्याने तिथल्या बारीक चिरेतून डिझेल बाहेर गळतंच असं नाही, हवा मात्र आत जाते. त्या भागात तात्पुरती पारदर्शक नळी जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच टाका.

हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपासाठी. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) नोझलचे नट सैल करून हवा काढायला अजिबात जाऊ नका. तिथला दाब १६०० बारपर्यंत किंवा त्याहून जास्त असतो, ती डिझेलची धार कातडीत घुसते.